एक्सरेबाईंची बॅटरी

त्यांना सगळे एक्सरेबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे जे म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. एका बांधकाम कंपनीत बाईंनी बत्तीस वर्षं नोकरी केली. काम एकच. नव्या घरात शिरायचं, खिडक्या लावून घ्यायच्या, भिंतीला बॅटरी आडवी टेकवायची आणि उजेड भिंतीला घासत सोडायचा. समोरून उजेड मारला तर कुठलीही भिंत देखणी दिसते. तोच उजेड बाजूने आला की प्रत्येक फुगवट्यामागे सावली पडते, प्रत्येक खळग्यात अंधार साचतो आणि गिलावा करणाऱ्याचं पाप उघडं पडतं. बाई तिथे खडूने फुली मारत. फुली पडली की तेवढा गिलावा खरवडायचा आणि नव्याने करायचा. यात कुणाचा वशिला चालला नाही, कुणाचं रडगाणं चाललं नाही. बाई वाईट भिंतीला चांगली म्हणाल्या नाहीत आणि चांगल्या भिंतीला वाईटही म्हणाल्या नाहीत. एवढी एक गोष्ट मात्र त्यांच्या शत्रूंनीही मान्य केली होती, आणि शत्रूंची संख्या बघता ही मोठीच साक्ष म्हणायची.

माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. भाचीने नवीन जागा भाड्याने घेतली तेव्हा बाई तिच्याकडे चहाला गेल्या आणि चहा येण्याआधी बाहेरच्या खोलीतले तीन फुगवटे सांगून मोकळ्या झाल्या.

"मावशी, भिंत मालकाची आहे," भाची म्हणाली.

"असेना. बघायची तर तुलाच आहे ना रोज?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाईंना कधी पटली नाही. अंगण खरंच वाकडं असू शकतं, आधी लेव्हल लावून बघा, मग नाचणारीला नावं ठेवा, असं त्यांचं म्हणणं. लग्नाचं विचाराल तर तरुणपणी दोन स्थळं आली होती. दोघांनाही बाईंनी आडव्या उजेडात बघितलं असावं.

एवढ्या कडक बाई, पण रोज संध्याकाळी सहाच्या बसने गावाबाहेर कालव्यापलीकडे जात आणि साडेआठच्या बसने परत येत. तिकडे गिलाव्याचे मिस्त्री राहत. सबंध नोकरीत बाईंनी सगळ्यात जास्त फुल्या मारल्या त्या या मिस्त्रींच्या भिंतींवर. कारण सोपं आहे. मिस्त्रींचा हात सगळ्यांत चांगला होता. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्या भिंतीवर बाई दहा मिनिटांत फुल्या मारून निघत. मिस्त्रींच्या भिंतीपुढे दुपारभर उभ्या राहत. दोघांची भांडणं ऐकायला बाकीचे मजूर डबे घेऊन त्याच खोलीत जेवायला बसत.

मिस्त्रींची बायको गेली, मुलगा दूर मोठ्या शहरात नोकरीला लागला. याने स्वतःच्या घराच्या भिंती तरी कशा केल्यात हे बघायला म्हणून बाई एकदा तिकडे गेल्या. स्वयंपाकघरात एक दोष सापडला. त्यावर वाद झाला, वादावर चहा झाला, चहानंतर पत्ते निघाले. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. "रमीला दुसरं माणूस मिळत नाही, म्हणून जाते," असं बाई सांगत. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. तुम्ही दोघं एकाच घरात का राहत नाही, असं भाचीने एकदाच विचारलं होतं. मावशीने तिच्याकडे असं काही बघितलं की भाचीने तो विषय पुन्हा काढला नाही.

मग यंदाच्या थंडीत संध्याकाळच्या दोन्ही बस बंद झाल्या. प्रवासी नाहीत, असं कारण सांगितलं. एक प्रवासी तर रोज होत्या, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

इथे एक अडचण होती. मिस्त्री रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेत, आणि ती घेतली की तास-दीड तास त्यांना चक्कर येई. गेल्या थंडीत ते मोरीत पडले होते आणि बाई आल्या तोवर तिथेच पडून होते. तेव्हापासून मुलाने अट घातली होती, की संध्याकाळी घरात कुणीतरी हवं, नाहीतर मी तुम्हाला इकडे घेऊन येतो. बस बंद झाल्याचं त्याला कळलं तेव्हा त्याने फोन केला. रविवारी येतो, म्हणाला. रोजची काही सोय झाली असेल तर ठीक, नाहीतर बॅग भरून ठेवा.

हे सगळं बाईंना मंगळवारी कळलं. रविवारला पाच दिवस होते.

मोठ्या रस्त्याने अंतर अकरा किलोमीटर, आणि वर मालवाहू गाड्यांची रहदारी. कालव्याच्या काठाने पायवाट होती, ती फक्त चार किलोमीटर. बाईंकडे सायकल होती. साइटवर त्या जन्मभर सायकलनेच गेल्या होत्या. पण पायवाटेवर एक दिवा नाही, आणि दिवस थंडीचे. सहालाच डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. म्हणजे प्रश्न उरला तो बॅटरीचा, आणि बॅटरीच्या बाबतीत आपल्याला शिकवणारा अजून जन्मायचा आहे, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

त्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दिवे बंद करा."

"कशाला?"

"उजेडात बॅटरी कशी बघायची? अंधारात साडी बघता का तुम्ही?"

दुकानदाराने दिवे बंद केले. बाईंनी फरशीवर बसून एकेक बॅटरी आडवी ठेवली आणि उजेड कसा सरपटतो ते बघितलं. दुकानदार अंधारातून सांगत होता, "ही घ्या बाई, हिचा उजेड अर्धा किलोमीटर जातो."

"अर्ध्या किलोमीटरवर माझं काय आहे? पुढच्या दहा फुटांत काय आहे ते सांगा."

शेवटी त्यांनी एक लांबुळकी, अरुंद झोताची, पांढऱ्याशुभ्र धारदार उजेडाची बॅटरी निवडली. अगदी कामावरच्या बॅटरीची सख्खी बहीण. जाता जाता दुकानाच्या तीन फरशा वर आल्या आहेत हेही सांगितलं. घरी येऊन त्यांनी ती बॅटरी सायकलच्या पुढच्या चाकाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर घट्ट बांधली. तत्त्व तेच. उजेड खाली ठेवा, आडवा सोडा, एकही दोष सुटणार नाही.

बुधवारी संध्याकाळी एकही दोष सुटला नाही. राईचा पर्वत हा शब्दप्रयोग बाईंनी आजवर दुसऱ्यांवर वापरला होता, तो त्या दिवशी त्यांच्या वाटेत पसरला होता. सुपारीएवढ्या खड्याची सावली हातभर लांब. गवताच्या काडीमागे विहीर असावी एवढा अंधार. एका ठिकाणी वाटेवर दगडांची रास बघून बाई उतरल्या, सायकल हातात धरून जपून पुढे गेल्या, आणि जवळून बघतात तर शेळीच्या लेंड्या. पुढे एक मोठी भेग दिसली म्हणून पुन्हा उतरल्या, तर ती दोरी निघाली. बरं, दिसलेला दोष सोडून पुढे जायचं, हे बाईंच्या रक्तात नव्हतं. प्रत्येक ठिकाणी थांबून खात्री करावी लागली. चार किलोमीटरला सव्वा तास लागला.

मिस्त्री दारात वाट बघत उभे होते. गोळी घेऊन झाली होती, एक हात चौकटीला होता.

"बाई, चालत आला असतात तर लवकर पोचला असतात."

"वाट फार खराब आहे," बाई म्हणाल्या.

"मी आयुष्यभर त्या वाटेने जातोय. सरळ आहे की."

"तुमच्या भिंतीही तुम्हाला सरळच वाटायच्या."

एक डाव पुरता झाला नाही तोवर निघायची वेळ झाली. परत जाताना वाटेत तेच खडे, पण त्यांच्या सावल्या आता उलट्या बाजूला. त्यामुळे सगळे नव्याने तपासावे लागले.

गुरुवारी भाचीने सूत्रं हातात घेतली. ती सुट्टीच्या दिवशी सायकलवरून डोंगर चढणाऱ्यांपैकी. तिने आपलं हेल्मेट आणलं. त्यावर कपाळाच्या जागी दिवा बसवलेला. तो अंगणात लावून दाखवला तेव्हा समोरचं कुत्रं भुंकायचं विसरलं आणि डोळे मिटून बसलं.

"मावशी, याच्यापुढे दिवस आणि रात्र एक."

"पण उजेड डोळ्याच्या जागेवरूनच निघतोय. मग सावली दिसणार कशी?"

"सावली कशाला हवी? वाट दिसली म्हणजे झालं."

बाईंना हे पटलं नव्हतं. पण बुधवारची फजिती ताजी होती आणि पोचायला उशीर करून चालणार नव्हतं. त्या हेल्मेट घालून निघाल्या. आणि काय सांगावं, वाट सुंदर होती! खडा नाही, खड्डा नाही, नुकतीच घोटून काढल्यासारखी पांढरी फटक. एवढा गुळगुळीत पृष्ठभाग बाईंनी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता आणि तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण अंगाला गार वारा लागत होता, पॅडल हलके झाले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती. शेवटच्या वळणाच्या अलीकडे कालव्याचं पाणी शेतात नेणारा एक पाट वाटेखालून जातो, त्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे. त्या स्लॅबची कड फुटून वीतभर खाली गेली होती; बुधवारी बाईंनी ती उतरून ओलांडली होती, पण आज वेगाच्या मजेत त्या ती विसरल्या. समोरून मारलेल्या उजेडात ती कड आणि खड्डा एकाच रंगाचे दिसले. बाई सायकलसकट आडव्या झाल्या.

उरलेली वाट त्यांनी लंगडत, सायकल ढकलत काढली. मिस्त्रींनी पाणी तापवलं, त्यांचा कोपर धुतला, कोपरावर आणि गुडघ्यावर पट्टी बांधली. भाचीला फोन केला, गाडी घेऊन ये म्हणून. भाची येईपर्यंत पत्ते टेबलावर तसेच पडून होते.

"उद्यापासून येऊ नका," मिस्त्री म्हणाले. "मी जातो मुलाकडे. तुमचं हाड मोडलं तर मी कुठल्या तोंडाने राहू इथे?"

"जा," बाई म्हणाल्या. "खुशाल जा."

हे त्या रागाने म्हणाल्या, पण त्या रागात फार दम नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना स्वच्छ कळलं, की मिस्त्री गेले तर संध्याकाळी सहा वाजता आपल्याला कुठेही जायचं नसेल. मग त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा फार राग आला.

शुक्रवारी त्या कुठेच गेल्या नाहीत. मिस्त्रींकडे संध्याकाळी भाची जाऊन बसली आणि आल्यावर तिने सांगितलं, काकांनी कपडे घड्या करून ठेवलेत. बाईंनी सायकलचं चाक पुसायला घेतलं. पण भाचीचाही स्वभाव शेवटी मावशीवरच गेलेला.

"एक विचारू? तुला वाटेतले दोष शोधायचेत, की काकांकडे पोचायचंय?"

"दोन्ही एकच आहे."

"एकच कसं असेल? पहिल्या दिवशी तू सगळे दोष शोधलेस आणि वेळेत पोचली नाहीस."

बाईंनी हे उत्तर दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतलं नसतं. भाचीकडूनही ऐकून घेतलं नाही. पण शनिवारी सकाळी त्या दुकानात हजर होत्या. त्यांना बघताच दुकानदाराने आपणहून दिवे बंद केले.

"ती चाकांची खुर्ची आहे ना तुमची, ती आणा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी फरशीवर दुकानदाराच्या चपला, वायरचं एक वेटोळं, खोक्याचं झाकण आणि मूठभर स्क्रू पसरले, स्वतः खुर्चीवर बसल्या, हॅंडलची उंची आठवून बॅटरी पोटाशी धरली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "ढकला. सायकलच्या वेगाने." दुकानदार भला माणूस. त्याने बाईंना अंधाऱ्या दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकललं, एकदा नाही, नऊ वेळा. दाराशी आलेलं एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि काही न विचारता परत गेलं.

सगळ्यांत प्रखर बॅटरी बाद झाली. तिच्यात झाकण दिसे पण झाकणामागचं काहीच दिसेना, आणि पूर्ण उजेडावर ती तासभरच चालते हे दुकानदाराने मान्य केलं. अरुंद झोताची बाद झाली, कारण वळताना ती सरळच बघत राही. शेवटी उरली ती एक बुटकी, रुंद काचेची, किंचित पिवळसर मंद उजेडाची. तिच्यात चपला दिसल्या, वायर दिसली, दोन्ही बाजूंची कपाटंही दिसली. स्क्रू मात्र दिसले नाहीत.

"स्क्रू दिसत नाहीत हिच्यात," दुकानदार काळजीने म्हणाला.

बाई खुर्चीवर बसून बराच वेळ त्या न दिसणाऱ्या स्क्रूंकडे बघत राहिल्या. त्यांच्या जिवावर आलं होतं.

"नसू देत," त्या शेवटी म्हणाल्या. "स्क्रूवरून सायकल जाते."

रविवारी सहाला त्या निघाल्या. बॅटरी हॅंडलवर, ना फार खाली ना कपाळावर. वाट वाटेसारखी दिसत होती. बारीक खडे उजेडात विरून गेले होते, खड्डा असेल तिथे हलकी सावली पडे, आणि बाई तेवढं चाक वळवत. वीस मिनिटांत त्या स्लॅबजवळ आल्या. तिथे त्यांना पुढे जमिनीलगत एक उजेड दिसला आणि माणसांचा आवाज आला.

मिस्त्री बुटक्या स्टुलावर बसून फुटलेल्या कडेवर थापी फिरवत होते. शेजारी घमेलं, त्यात कालवलेला माल. त्यांचा मुलगा शहरी बूट सिमेंटमध्ये माखून मोबाईलचा उजेड धरून उभा होता आणि शिव्या खात होता.

"समोरून नको रे धरू! आडवा धर, आडवा!"

बाई सायकलवरून उतरल्या. मुलगा त्यांना बघून हायसं वाटल्यासारखा पुढे आला. "काकू, तुम्हीच सांगा यांना. बॅग भरलेली आहे, नऊची गाडी आहे. तर म्हणे एक काम राहिलंय. दुपारपासून मला माल कालवायला लावलाय."

"तुम्ही इथे पडलात," मिस्त्री बाईंकडे न बघता म्हणाले. "हे असंच टाकून जाणं बरं दिसत नाही." मग ते हॅंडलवरच्या बॅटरीकडे बघत राहिले. "वेळेत आलात."

"वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "रोज येता येईल."

"रोज?" मुलगा म्हणाला. "काकू, तुम्ही तीन दिवसांपूर्वी इथेच पडलात. कोपराला अजून पट्टी आहे. उद्या पाऊस असेल, परवा तुम्हाला ताप असेल. माझा जीव तिकडे टांगणीला. नाही, आता ठरलंय. बाबा, झालं ना काम? चला."

"झालं की नाही ते मी नाही सांगायचं," मिस्त्री म्हणाले. "पास झाल्याशिवाय मिस्त्रीने साइट सोडायची नसते. बाई, बघून घ्या."

"मग काकू, करा पटकन पास," मुलगा म्हणाला.

बाईंनी हॅंडलवरून बॅटरी काढली. दुखऱ्या गुडघ्यावर वाकल्या, बॅटरी ओल्या सिमेंटलगत आडवी धरली आणि बघू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावलीचं एक सूत नव्हतं. अंधारात, मोबाईलच्या उजेडात या माणसाने आयुष्यातलं सगळ्यांत चोख काम केलं होतं. मिस्त्री स्टुलावर बसून वाट बघत होते. बाई पुन्हा पहिल्यापासून बघून आल्या. बत्तीस वर्षांत त्या कुठल्याही भिंतीबद्दल खोटं बोलल्या नव्हत्या.

"डाव्या कडेला फुगवटा आहे," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी डाव्या कडेकडे बघितलं. चाळीस वर्षं थापी धरलेला माणूस. तिथे काय आहे आणि काय नाही, हे त्यांना बोटांनी न बघताही सांगता आलं असतं.

"असेल," ते हळूच म्हणाले.

"असेल नाही. आहे."

"हो. आहे खरा."

मुलगा खाली वाकला, मोबाईल नाचवून बघितलं. "मला तर काही दिसत नाही."

"तू समोरून बघतोयस," बाई म्हणाल्या.

"बरं, मग आत्ता करून टाका नीट."

"आत्ता कसा करतील? ओला माल आहे. वाळल्यावर खरवडायचा आणि नवीन भरायचा. किती दिवस लागतील, मिस्त्री?"

"थंडीत?" मिस्त्रींनी थापी घमेल्यात ठेवली. "आठ दिवस धरा."

"मला रोज येऊन बघावं लागेल," बाई म्हणाल्या.

मुलगा आधी बापाकडे आणि मग बाईंकडे बघत राहिला. त्याला सिमेंटमधलं काही कळत नव्हतं, पण अगदीच डोळ्यांवर कातडं ओढलेला मुलगा नव्हता तो. त्याने बुटांकडे बघितलं, मग मोबाईलचा उजेड बंद केला.

"आणि आठ दिवसांनी तरी पास कराल ना?"

"ते आत्ता कसं सांगू?" बाई बॅटरी पुन्हा हॅंडलवर बसवत म्हणाल्या. "यांचा हात मला ठाऊक आहे. चला मिस्त्री, उठा, तुमची गोळीची वेळ झाली."